कोकण किनाऱ्यावरून वातावरणाची खळबळ कशी ओळखावी: ताऱ्याच्या लुकलुकण्यापासून गुरूच्या रेडिओ लहरींपर्यंत

दुर्बिणीतून पाहताना गुरूची कड थरथरते. रत्नागिरीत बसून एखाद्या रात्री पणजीचे एफएम केंद्र स्वच्छ ऐकू येते आणि दुसऱ्या रात्री त्याचा मागमूसही नसतो. मार्च महिन्यात सूर्यास्तानंतर तासाभराने, गच्चीच्या कठड्यावर ठेवलेल्या मोबाइलमधला जीपीएसचा ठिपका जागच्या जागी भटकू लागतो. हे तिन्ही प्रकार आपल्या डोक्यावरच्या वातावरणामुळेच घडतात, मात्र प्रत्येकाचा थर वेगळा आहे. पहिला प्रकार मुख्यतः जमिनीलगतच्या आणि दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच्या हवेतला, दुसरा समुद्रावरच्या शंभर-दोनशे मीटर जाडीच्या दमट थरातला आणि तिसरा काहीशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातला, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थरातला. त्यामुळे ज्याला या विषयाचा अभ्यास करायचा आहे त्याने खळबळ किती आहे हे विचारण्याआधी ती कोणत्या थरात आहे हे ठरवायला शिकावे. पुढच्या सर्व पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत आणि त्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावातून, फारसा खर्च न करता, चढता येतात.

पहिली पायरी: प्रकाश कशाला भितो आणि रेडिओ कशाला

समुद्रसपाटीवर हवेचा अपवर्तनांक (प्रकाश हवेत किती मंदावतो हे सांगणारा आकडा) सुमारे १.०००३ असतो, म्हणजे निर्वात पोकळीपेक्षा केवळ दहा हजारांत तीन भागांनी जास्त. हवेचे तापमान एका अंशाने बदलले की दृश्य प्रकाशासाठी हा अपवर्तनांक साधारण एक दशलक्षांशाने बदलतो. एवढासा फरकही पुरेसा ठरतो, कारण ताऱ्याचा किरण वेगवेगळ्या तापमानाच्या अशा असंख्य भोवऱ्यांमधून कित्येक किलोमीटर प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान भोवरे आणखी लहान होतात आणि शेवटी काही मिलिमीटरच्या आकारापाशी हवेच्या श्यानतेमुळे (चिकटपणामुळे) त्यांची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. या साखळीचे गणित रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडले आणि आजही खगोलनिरीक्षक तेच वापरतात.

रेडिओ तरंगांच्या बाबतीत बाष्पाचा वाटा फार मोठा असतो. हवेतील बाष्पदाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर कोकणातल्या तापमानाला रेडिओ अपवर्तनांक सुमारे चार दशलक्षांशांनी बदलतो. तेवढ्याच बाष्पाने दृश्य प्रकाशाच्या अपवर्तनांकात पडणारा फरक त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाच असतो. यावरून एक नियम लक्षात ठेवावा: प्रकाश बिघडला तर आधी तापमानाकडे पाहावे, रेडिओ बिघडला तर आधी दमटपणाकडे. किनाऱ्यावर या दोन गोष्टी नेहमी एकत्र बिघडत नाहीत. खाऱ्या वाऱ्याच्या संध्याकाळी समुद्रावरून येणारी हवा तापमानाने एकसारखी असल्यामुळे ताऱ्यांची प्रतिमा बरी असते, पण तीच हवा दमट आणि थरांची असल्यामुळे रेडिओचे चमत्कार त्याच संध्याकाळी घडतात.

दुसरी पायरी: जागा आणि वेळ

कोकणातला निरीक्षक जागा निवडताना बहुधा अंधार आणि मोकळे क्षितिज एवढेच पाहतो आणि सड्यावर जातो. अंधारासाठी सडा उत्तमच, परंतु जांभ्या दगडाचा उघडा कातळ दिवसभर तापलेला असतो आणि सूर्यास्तानंतर बराच वेळ उष्णता बाहेर टाकत राहतो. त्या कातळावर दुर्बीण मांडली तर पहिले दोन-तीन तास आपण कातळाची उष्णता पाहत असतो, आकाशातली खळबळ नव्हे. त्यापेक्षा गवताळ जागा, शेताचा मोकळा कोपरा किंवा थेट समुद्राकडून वारा येणारी उंच जागा चांगली. कौलारू आणि पत्र्याच्या छपरावरून नजर जाईल अशी दिशा टाळावी. सिमेंटची गच्ची सोयीची असली तरी तिचा दर्जा कातळापेक्षा फारसा वरचा नसतो.

वेळेबाबत एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिचा लाभ फुकट मिळतो. दिवसा जमीन हवेपेक्षा गरम असते आणि रात्री थंड. या दोन अवस्थांच्या मधे, सूर्योदयानंतर साधारण तासाभराने आणि सूर्यास्तापूर्वी साधारण तासभर, जमीन आणि हवा यांचे तापमान जवळजवळ सारखे होते आणि जमिनीलगतची खळबळ तेवढ्या वेळापुरती अगदी कमी होते. शुक्रासारखा तेजस्वी ग्रह दुर्बिणीतून पाहण्यासाठी ही वेळ फार चांगली, मात्र सूर्य क्षितिजाच्या वर असताना दुर्बिणीचे तोंड त्याच्या बाजूला कधीही वळवू नये.

खारे वारे दुपारपासून संध्याकाळपर्यंत वाहतात, मतलई वारे मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत. या दोहोंच्या मधे वारा पडतो, तेव्हा दव आणि दमटपणा एकदम वाढतो. दुर्बिणीच्या भिंगावर दव धरू नये म्हणून पुठ्ठ्याचे किंवा फोमचे लांब टोपण लावावे, आणि घरी परतल्यावर खारट ओल पुसून दुर्बीण कोरड्या जागी ठेवावी. प्रकाशाच्या निरीक्षणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हिवाळ्यात उत्तर भारतावरून बारा किलोमीटरच्या आसपास जोरदार पश्चिमी झोतवारा वाहतो. कोकण त्याच्या दक्षिणेकडे पडत असल्यामुळे दिल्लीकडच्या निरीक्षकांपेक्षा आपल्याला त्याचा त्रास कमी होतो. जून ते सप्टेंबर प्रकाशाचे काम बंदच ठेवावे लागते.

तिसरी पायरी: व्याध आणि अगस्त्य

फेब्रुवारीच्या मध्यात, रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास, दक्षिणेकडे मोकळे क्षितिज असलेल्या जागी उभे राहावे. व्याध आणि अगस्त्य हे आकाशातले दोन सर्वांत तेजस्वी तारे त्या वेळी वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकाने मध्यमंडल (आकाशातली उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतात. रत्नागिरीच्या अक्षांशावरून व्याध क्षितिजापासून सुमारे ५६ अंश उंच असतो, अगस्त्य मात्र जेमतेम २० अंश. व्याधाचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या १.२ पट हवेतून येतो, अगस्त्याचा जवळजवळ २.९ पट हवेतून. एकच रात्र, एकच जागा, दोन तेजस्वी तारे आणि हवेची जाडी तेवढी वेगळी: असा प्रयोग निसर्गाने तयारच करून ठेवला आहे.

दोन्ही ताऱ्यांकडे आळीपाळीने एकेक मिनिट पाहावे. अगस्त्य जास्त लुकलुकताना दिसेल आणि द्विनेत्रीतून पाहिले तर त्याचा रंग क्षणात लाल, क्षणात निळा होईल, कारण क्षितिजाजवळ लाल आणि निळे किरण हवेतल्या किंचित वेगळ्या वाटांनी येतात आणि वेगवेगळ्या भोवऱ्यांतून जातात. गणिताप्रमाणे प्रतिमेचा फिसकटपणा हवेच्या जाडीच्या ३/५ घाताने वाढतो, म्हणजे अगस्त्य व्याधाच्या सुमारे १.७ पट फिसकटलेला असतो. तेजाची चढउतार त्याहून पुष्कळ वेगाने वाढते. त्यामुळे डोळ्यांना लुकलुकण्यातला फरक सहज जाणवतो आणि दुर्बिणीला फिसकटण्यातला फरक मोजावा लागतो.

आता त्याच आकाशात एखादा ग्रह असल्यास त्याच्याकडे पाहावे. ग्रह लुकलुकत नाहीत, हे शाळेत शिकलेले असते, पण त्यामागचा आकडा सहसा सांगितला जात नाही. दहा किलोमीटर उंचीवरच्या खळबळीमुळे जमिनीवर पडणाऱ्या उजेड-अंधाराच्या चट्ट्यांची रुंदी दृश्य प्रकाशासाठी सुमारे ७ सेंटिमीटर असते. दहा किलोमीटरवरचे ७ सेंटिमीटर म्हणजे साधारण दीड विकलेचा कोन (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). तारा या कोनापेक्षा शेकडो पटींनी लहान दिसतो, म्हणून त्याचे संपूर्ण तेज एकाच वेळी वरखाली होते. गुरूची चकती ३० ते ५० विकला रुंद असते. तिच्या प्रत्येक भागाचे चट्टे वेगळे पडतात आणि एकमेकांना भरून काढतात. याच कारणाने क्षितिजालगतचा बुध, जो कधी कधी पाच-सहा विकलांचाच असतो, पुष्कळदा ताऱ्यासारखा लुकलुकताना दिसतो.

चौथी पायरी: दुर्बिणीतून थर वेगळे करणे

दुर्बीण निरीक्षणापूर्वी निदान तासभर उघड्यावर ठेवावी. मग डोक्यावरचा एखादा तेजस्वी तारा धरून फोकस मुद्दाम बिघडवावा, इतका की ताऱ्याची छोटीशी चकती दिसेल. या चकतीतली हालचाल शांतपणे पाहिली की दोषी थर ओळखता येतो. संपूर्ण चकतीवरून एकाच दिशेने बारीक पट्टे झरझर धावत असतील तर खळबळ उंचावरच्या वाऱ्यात आहे आणि त्यावर इलाज नाही. चकती इकडून तिकडे डुलते, फुगते, पण हालचालीला ठरावीक दिशा नाही असे दिसले तर जमिनीलगतची हवा दोषी असते आणि जागा दहा-वीस मीटर बदलूनही फरक पडू शकतो. चकतीच्या एकाच बाजूला संथपणे वर चढणारा धुरासारखा लोट दिसला तर दुर्बिणीच्या नळीतलीच गरम हवा हलते आहे. आरसा अजून थंड झालेला नाही, आणखी थांबावे.

यानंतर व्यासाचा प्रश्न येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी १९६० च्या दशकात एक लांबी सुचवली. तेवढ्या व्यासाच्या दुर्बिणीपर्यंत हवा प्रतिमा फारशी बिघडवत नाही, त्याहून मोठी दुर्बीण प्रकाश जास्त गोळा करते पण जास्त बारीक तपशील दाखवत नाही. ही लांबी १० सेंटिमीटर असेल तर ताऱ्याची प्रतिमा साधारण १ विकला रुंद होते, ५ सेंटिमीटर असेल तर २ विकला. ग्रहांचे चलच्चित्र घेऊन त्यातल्या निवडक चांगल्या चौकटी एकत्र करण्याची पद्धत याच आकड्यावर चालते. फ्राइड यांच्याच सूत्रानुसार व्यास या लांबीच्या चौपट असेल तर जवळजवळ निम्म्या चौकटी उपयोगी निघतात, सातपट असेल तर साडेतीनशेहून अधिक चौकटींमागे एखादीच. म्हणून ५ सेंटिमीटरच्या रात्री २० सेंटिमीटरची दुर्बीण ३५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा समाधानाचे काम करते. चौकटीचा अवधी १० ते २० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, आणि गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरत असल्यामुळे एकेक चित्रण दोन-तीन मिनिटांत आटोपावे.

पाचवी पायरी: समुद्रावरची रेडिओची वाट

येथे कोकणाइतकी चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण आहे. आधी नेहमीची मर्यादा काढावी. दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घेऊन त्यांची वर्गमुळे मिळवावीत आणि त्या बेरजेला ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. १०० मीटर उंचीचा मनोरा आणि घराच्या छपरावरची १० मीटर उंचीची अँटेना यांच्यासाठी ते सुमारे ५४ किलोमीटर येते. रत्नागिरीहून पणजी सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर आहे आणि मुंबई सव्वादोनशे. एवढ्या दुरून एफएम ऐकू आले तर हवेने काहीतरी वेगळे केले आहे, हे नक्की.

एरव्ही रेडिओ अपवर्तनांक दर किलोमीटर उंचीला सुमारे ४० दशलक्षांशांनी घटतो आणि किरण थोडासा जमिनीकडे वाकतो. समुद्रालगतच्या दमट हवेवर जमिनीकडून आलेली कोरडी, गरम हवा पसरली की ही घट फार तीव्र होते. ती दर किलोमीटरला १५७ दशलक्षांशांच्या पुढे गेली की किरणाचा बाक पृथ्वीच्या बाकापेक्षा जास्त होतो. तो समुद्राकडे परततो, पाण्यावरून उसळतो, पुन्हा परततो आणि क्षितिजापलीकडे निघून जातो. मार्च ते मे हा याचा हंगाम. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात हजार मैलांहूनही दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत, ते याच कारणाने. काही सेंटिमीटर लांबीच्या रडार-तरंगांना दहा-वीस मीटर जाडीचा थरही पुरतो. एफएमच्या ३ मीटर तरंगांना मात्र शंभर मीटरहून जाड थर लागतो, म्हणून एफएमची दूरची रात्र अधिक दुर्मीळ आणि अधिक बोलकी असते.

नोंद ठेवण्यासाठी एकच दूरचे केंद्र निवडावे आणि ते रोज ठरावीक वेळी, संध्याकाळी व पहाटे, ऐकावे. निवेदन ऐकून केंद्राची खात्री पटल्याशिवाय नोंद करू नये. वाऱ्याची दिशा, दमटपणा, क्षितिज नेहमीपेक्षा उचललेले किंवा ताणलेले दिसते का आणि दूरचे दीपगृह अवेळी दिसते का, हेही लिहावे, कारण प्रकाशाचे मृगजळ आणि रेडिओची लांब उडी पुष्कळदा एकाच थराने घडते. आवाज कसा घटतो याकडे नीट लक्ष द्यावे. काही मिनिटे लागून संथपणे चढणारा आणि उतरणारा आवाज थराच्या वरखाली होण्याचा असतो, तर सेकंदाला एक-दोनदा फडफडणारा आवाज थरातल्या खळबळीचा. बंदरावरच्या तांडेलांना विचारले तर कोणत्या महिन्यात वायरलेस सेटवर लांबच्या बंदरांचे बोलणे येते, हे ते अनुभवाने सांगू शकतात. व्हीएचएफचे १६ क्रमांकाचे चॅनल, १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटकाळासाठी आहे आणि त्यावर प्रयोग म्हणून बोलणे सर्वथा चुकीचे आहे.

पावसाच्या सरीत डिशवरचे चित्र अडकते, त्याचा या खळबळीशी फारसा संबंध नाही. तेथे पावसाचे थेंबच संकेत शोषतात आणि विखुरतात.

सहावी पायरी: आयनांबर

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. सूर्यास्तानंतर तेथे आयनांबराच्या खालच्या बाजूने विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे वर चढतात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तरेकडे पसरत आपल्या डोक्यावर येतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसात ते मध्यरात्र, आणि सौरडाग जास्त असलेली वर्षे हा त्यांचा काळ. उपग्रहांच्या संकेतांची तीव्रता दाखवणारे एखादे अॅप घेऊन मोबाइल मोकळ्या जागी स्थिर ठेवावा आणि प्रत्येक उपग्रहाची नोंद सेकंदागणिक साठवावी. बुडबुडे पूर्वेकडे सरकत असल्यामुळे तीव्रतेची फडफड पुष्कळदा पश्चिमेकडच्या उपग्रहांपासून सुरू होते.

घराच्या भिंतीवरून किंवा पत्र्यावरून परावर्तित झालेले संकेतही अशीच चढउतार करतात, त्यामुळे येथे नवखा निरीक्षक हमखास फसतो. ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे. जीपीएसचे उपग्रह रोज सुमारे चार मिनिटे आधी त्याच जागी येतात. आजची उतरण काल चार मिनिटे उशिरा तशीच दिसली असेल तर दोष भिंतीचा, नसेल तर आयनांबराचा संशय घ्यावा. कमी वारंवारतेवर ही फडफड जास्त होते. नाविक या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचा १,१७६.४५ मेगाहर्ट्झचा संकेत जीपीएसच्या १,५७५.४२ मेगाहर्ट्झच्या संकेताच्या साधारण दीडपट फडफडतो. दोन्ही वारंवारता घेणारा मोबाइल असेल तर हा फरकच पुरावा ठरतो. चुंबकीय वादळाच्या रात्रींची नोंद वेगळी ठेवावी. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत अशा वादळांच्या नोंदी १९०४ पासून होत आल्या आहेत.

सातवी पायरी: दुसऱ्या ग्रहांची हवा वाचणे

इतर ग्रहांवर नियम हेच आहेत, आकडे बदलतात. मंगळावर हवेचा दाब सुमारे ६ हेक्टोपास्कल, म्हणजे आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे. दिवसा तेथील हवा जोराने उसळत असली तरी ती इतकी विरळ आहे की किरणाला फारसा धक्का देऊ शकत नाही. प्रकाशाचा खरा शत्रू तेथे धूळ आहे. २०१८ च्या धुळीच्या वादळात सूर्यप्रकाश अडल्यामुळे ऑपॉर्च्युनिटी गाडीशी १० जून रोजी शेवटचा संपर्क झाला. मायक्रोमीटर आकाराची तीच धूळ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ तरंगांना मात्र फारशी अडवत नाही.

शुक्रावर उलट स्थिती आहे. पृष्ठभागावर ९० बारहून अधिक दाब असल्यामुळे, ग्रहाच्या कडेवरून जाणारा रेडिओ किरण तीसेक किलोमीटर उंचीच्या खाली गेला की इतका वाकतो की पुन्हा बाहेर पडतच नाही. त्याच्या वरच्या थरांतून आलेल्या किरणाची वारंवारता आणि तीव्रता मोजून तापमान, दाब आणि खळबळ यांचे उंचीनुसार चित्र काढतात. १९६७ मध्ये मरिनर-५ यानाच्या संकेतांत अशी फडफड टिपली गेली. जपानच्या आकात्सुकी यानाचे संकेत बंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील ३२ मीटर अँटेनानेही याच कामासाठी घेतले आहेत. गुरूच्या हवेत ७ डिसेंबर १९९५ रोजी उतरलेल्या गॅलिलिओच्या उपयानाने सुमारे तासभर संकेत पाठवले आणि ते क्षीण होत गेले त्या प्रमाणावरून तेथील अमोनियाचा अंदाज घेता आला. शनीच्या टायटन या चंद्रावर १४ जानेवारी २००५ रोजी उतरताना हायगेन्स यानाला वाऱ्याने किती ढकलले, हे त्याच्या वारंवारतेतील सूक्ष्म बदलावरून पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी मोजले.

आठवी पायरी: गुरूच्या रेडिओ लहरी

बर्क आणि फ्रँकलिन या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये गुरूकडून येणारे रेडिओ स्फोट प्रथम ओळखले. ते शॉर्टवेव्हवर, २० मेगाहर्ट्झच्या आसपास, साध्या उपकरणाने ऐकता येतात. २०.१ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येकी ३.५५ मीटरच्या दोन तारा एका रेषेत, दोन पोफळींच्या किंवा माडांच्या मधे, विजेच्या तारांपासून लांब ताणाव्यात आणि मधून केबल रेडिओच्या ग्राहकाकडे (रिसीव्हरकडे) न्यावी. विजांच्या हंगामात काम संपताच केबल काढून ठेवावी. गुरू मध्यरात्रीनंतर आणि पहाटेपूर्वी उंच असेल असे महिने निवडावेत, कारण तेव्हा आयनांबर विरळ होऊन या तरंगांना खाली येऊ देते. गुरूच्या इओ या चंद्राच्या स्थितीवरून काढलेली वेळापत्रके मिळतात, ती पाहून बसावे.

लाटांसारखा, सेकंद-दोन सेकंदांनी चढणारा-उतरणारा आवाज आला तर त्यातला चढउतार गुरूचा नसतो, तो सौरवाऱ्यातील (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहातील) खळबळीने वाटेत मिळवलेला असतो. याच सौरवाऱ्याचा, सूर्याच्या अगदी जवळचा भाग, मंगळयानाचे संकेत सूर्याच्या बाजूने येत असताना भारतीय शास्त्रज्ञांनी अभ्यासला होता. आपल्याकडे मात्र एक शंका उरते: हा चढउतार सौरवाऱ्याचा की डोक्यावरच्या आयनांबराचा? त्यासाठी दुसऱ्या गावातला सोबती हवा. दापोली आणि सावंतवाडी यांच्यात दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. दोन्हीकडे एकाच वेळी, घड्याळे उपग्रहाच्या वेळेशी जुळवून, ध्वनिमुद्रण करावे आणि आलेख शेजारी ठेवावेत. आयनांबराचे चट्टे काही किलोमीटरच रुंद असल्यामुळे त्यांचे आलेख दोन गावांत जुळत नाहीत. सौरवाऱ्याचे चट्टे शंभर किलोमीटर आणि त्याहून मोठे असतात आणि सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात, त्यामुळे त्यांचा चढउतार दोन्ही आलेखांत ओळखण्याइतका सारखा, पण सेकंदाच्या काही भागाने पुढेमागे दिसतो. हा फरक वाचता यावा म्हणून दोन्ही घड्याळांतील चूक सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी राहील, याची खात्री मुद्रणापूर्वी आणि मुद्रणानंतर अशी दोन्ही वेळा करून घ्यावी.